माझ्या नावानं बाबांना आलेली मेल

आमची रोपवाटिका रिठदहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हिरव्या जाळीची दोन शेडनेट, पाण्याची टाकी आणि पत्र्याची एक खोली, जिला आम्ही ऑफिस म्हणतो. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी आणि हंगामात टरबूज. शेतकरी आधी नोंदवून ठेवतात, आम्ही ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरून बी लावतो आणि तीन-चार आठवड्यांनी रोपं गाडीत भरून पोचवतो. अकोल्याला शेतीचं शिकून मी घरी परत आले तेव्हा हा धंदा सुरू केला. जमीन बाबांची, म्हणून परवाना बाबांच्या नावावर आणि बँकेतलं खातंही त्यांच्याच नावावर.

त्याआधी चाळीसेक वर्षं बाबांनी भाजीपाला केला. मेथी-पालकाच्या जुड्या बांधून वाशीमच्या बाजारात न्यायच्या आणि दुपारी परत येऊन पुन्हा वाफ्यात उतरायचं. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली आणि बाबांचं वाफ्यातलं काम त्या दिवशी संपलं. मग ते ऑफिसातल्या खुर्चीवर येऊन बसले. आल्या-गेल्याला मी सांगायची, बाबा आता आमचे मॅनेजर आहेत. बाबा हसायचे.

मॅनेजरचं काम मात्र मी त्यांना कधी दिलं नाही. कोणाला पैसे पाठवायचे असले की मी लॅपटॉपवर सगळं भरायची. शेवटी बाबांच्या मोबाइलवर सहा आकडे यायचे आणि मी शेडनेटमधून ओरडायची, "बाबा, ओटीपी!" बाबा चष्मा शोधायचे आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचायचे. चुकू नये म्हणून पुन्हा वाचायचे. मी म्हणायची, "झालं, झालं." ते मोबाइल खाली ठेवायचे.

पुढे मी त्यांच्या मोबाइलवर मेलही सुरू करून दिली. माझ्या मेलवर कंपन्यांची बिलं यायची, ती मी त्यांच्याकडे पाठवायची आणि ते छपाईच्या मशीनवर काढून फाइलला लावायचे. सातवी शिकलेला माणूस, पण महिन्याभरात त्यांचा हात बसला. मराठीतली मेल ते ओठ हलवत वाचत. इंग्रजी असली की थांबत आणि मी मोकळी होईपर्यंत वाट पाहत.

ती गोष्ट घडली त्या बुधवारी मी कामरगावला गेले होते. तिथल्या एका शेतकरी गटानं टरबुजाची रोपं मागवली होती. कारंजा तालुका म्हणजे आमच्या इथून चांगलाच लांबचा पल्ला. सकाळी साडेसहालाच पिकअप भरून निघाले. दिवसभर शेतातून शेतात फिरत रोपं उतरवली. लावणीचं अंतर, पाणी किती, मल्चिंगच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकला भोक कुठं पाडायचं, हे सांगता सांगता घसा बसला. मोबाइलला रेंज कधी होती, कधी नव्हती. घरी फोन करायचं काही कारणही नव्हतं.

परत आले तेव्हा चार वाजून गेले होते. बाबा ऑफिसच्या दारात उभे होते. अंगात पांढरा, इस्त्रीचा सदरा होता. लग्नाकार्याला घालायचा.

"आज कोठी गेल्ते बाबा?" मी विचारलं.

"वाशीमले." मी पिकअपमधून उतरेपर्यंतही त्यांना धीर नव्हता. "झालं तुहं काम."

"कोणतं काम?"

"आता असं काय करतं? सकाळीच त लिवलं तू. कोकोपीटवाल्याचे पैसे. बँकेत जाऊन भरून आलो. सोता फारम भरला, कोणाले इचारलं नाई."

मला वाटलं, त्यांची काहीतरी गल्लत होतेय. कोकोपीट पुरवणारी कंपनी दक्षिणेतली, त्यांच्या दोन खेपांचे पैसे द्यायचे होते हे खरं, पण मी ते पुढच्या आठवड्यात पाठवणार होते.

"बाबा, मी काई लिवलं नाई तुमाले."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मेल छापून घेतली होती. कागद इतक्यांदा उघडला होता की घडीवर झिजला होता. त्यावर लिहिलं होतं ते मला आजही जवळजवळ पाठ आहे.

"बाबा, आज एक महत्त्वाचं काम फक्त तुमच्यावर सोपवते आहे. मी कामरगावला बैठकीत आहे, म्हणून फोन करू नका, मला उचलता येणार नाही. कोकोपीटच्या कंपनीनं आपलं खातं बदललं आहे. आज दुपारच्या आत पैसे भरले तर जुन्याच भावात पुढचा माल मिळेल. हा भाव फक्त आपल्याला दिला आहे, म्हणून कृपया कोणाला सांगू नका. तुम्हाला त्रास देते आहे, माफ करा. पण तुमच्याइतका विश्वास मला दुसऱ्या कोणावर नाही."

खाली भरायची रक्कम, नवीन खात्याचा नंबर आणि शेवटी माझं नाव.

मी कागदाच्या वरच्या बाजूला पाहिलं. मोबाइलवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, पण छापलेल्या कागदावर पूर्ण पत्ता उमटतो. पत्ता आमच्यासारखाच होता. फक्त नर्सरी या इंग्रजी शब्दात, शेवटच्या वायच्या आधी, एकाऐवजी दोन आर होते.

मेल माझ्या पत्त्यावरून आलीच नव्हती. आणि मग मी नको ते बोलले.

"तुमाले येवढंही समजलं नाई? खातं नवीन, घाई हाये, फोन करू नका, कोणाले सांगू नका. येवढं सारं लिवलं हाये आन तुमाले एकदाही शंका आली नाई? एक फोन लावाले काय झालं होतं?"

"फोन करू नका मनून तूच त लिवलं व्हतं," बाबा म्हणाले. त्यांना अजून नीट समजलं नव्हतं. मी म्हणाले, "मी नाई लिवलं! चोरानं लिवलं!" तेव्हा त्यांनी माझ्या हातातला कागद परत घेतला, चष्मा लावला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागले.

माझा आवाज ऐकून आई घरातून आली. घर ऑफिसच्या मागेच आहे. तिला काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. तिनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बापाले असं बोलतं का वं?" ती म्हणाली. "सकायपासून किती खुश व्हते, तुले मालूम हाये का? मले मने, पोरीनं पह्यल्यांदा माह्यावर काई सोपोलं. मी इचारलं काय सोपोलं, त सांगे ना. तोंडावर बोट ठेवून हासून राह्यले व्हते."

मला रडू आलं असतं, पण वेळ नव्हता. कुठंतरी वाचलेलं एवढंच आठवत होतं की अशा वेळी पहिले काही तास महत्त्वाचे. सायबर फसवणुकीसाठी सरकारचा मदत क्रमांक आहे, तो मी लावला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा बराच वेळ धून वाजत राहिली, मग पलीकडून एक बाई बोलल्या. कोणत्या खात्यातून, कोणत्या खात्यात, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय. क्रमांक मला माहीत नव्हता. बाबांनी पाकिटातून बँकेची पावती काढून माझ्यासमोर ठेवली. शिक्का मारलेली, नीट घडी घातलेली. त्यांनी सगळं काम चोख केलं होतं. आकडे वाचताना मी अडखळले, म्हणून बाबांनीच मोबाइल घेतला आणि एकेक आकडा सांगितला. चुकू नये म्हणून दोनदा.

त्या बाईंनी तक्रारीचा क्रमांक दिला आणि सांगितलं की पैसे ज्या बँकेत गेलेत तिला लगेच कळवतो, उरले असतील तेवढे अडवता येतील. तुम्हीही तुमच्या बँकेला आत्ताच कळवा. शाखेत फोन केला. तिथले साहेब बाहेर पडायच्या बेतात होते, ते थांबले. त्यांना बाबा आठवत होते. "मॅडम, मी काकांना विचारलं होतं, खातं नवीन दिसतं, पार्टीला विचारून घेतलं का म्हणून. ते म्हणाले, माझ्या मुलीनं सांगितलंय." त्यांनी तोंडी तक्रार घेतली, समोरच्या बँकेला कळवलं आणि सकाळी लेखी अर्ज घेऊन यायला सांगितलं.

त्या रात्री मी लेखी अर्ज लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा मोटरसायकलवर वाशीमला गेलो. बँकेत अर्ज दिला आणि तिथून पोलिसांकडे. बाबा आयुष्यात पहिल्यांदा पोलिस ठाण्याची पायरी चढत होते. आत शिरताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली. सायबरच्या टेबलावर एक महिला शिपाई होती, माझ्यापेक्षा लहान असेल. तिनं आधी बाबांना खुर्ची दिली. बाबा बसायच्या आधीच बोलले.

"बाई, चूक माही हाये. पोरीची काई चूक नाई. तिले काई इचारू नका."

"काका, चूक चोराची असते," ती म्हणाली. "तुम्ही पाणी प्या."

तिनं त्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं, जबाब लिहून घेतला, छापलेल्या मेलची प्रत ठेवून घेतली. मग बाबा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, त्याला माहीत होतं की तुम्ही कामरगावला जाणार. त्याला कोकोपीटचं बिल माहीत होतं. तुम्ही वडिलांना बाबा म्हणता हेही. कसं?"

मी म्हणाले, कोणास ठाऊक.

"तुमची मेल उघडा," ती म्हणाली.

तिनं मला सेटिंगमध्ये एका जागी जायला लावलं. त्या जागी मी कधी गेले नव्हते. तिथं एक अनोळखी पत्ता लिहिलेला होता. मला येणारी प्रत्येक मेल, मला कळू न देता, त्या पत्त्यावरही जात होती. कामरगावच्या गटाला मी लिहिलं होतं, बुधवारी सकाळी रोपं घेऊन येते. त्यांनी "या ताई, वाट पाहतो" म्हणून उत्तर दिलं होतं, त्याच्याखाली माझी मेल जशीच्या तशी होती. कंपनीची बिलं होती. बाबांनी लिहिलेलं "छापलं" होतं आणि त्याखाली माझी ओळ, "बाबा, बिल छापा". हे सगळं चोराकडे पोचलं होतं.

"मागच्या महिना-दोन महिन्यांत कुठं पासवर्ड टाकला होता का? एखाद्या लिंकवर?"

आणि मला आठवलं. दिवाळीनंतर एक मेल आली होती, तुमची मेल साठवायची जागा भरली आहे, चोवीस तासांत खात्री केली नाही तर मेल बंद पडेल. मी तेव्हा ट्रे मोजत होते. एका हातानं मोबाइल धरून मी ती लिंक उघडली, पासवर्ड टाकला, आणि पुन्हा ट्रे मोजायला लागले. अर्धा मिनिटही लागलं नव्हतं.

दार मी उघडं ठेवलं होतं. बाबा फक्त त्या दारानं आत आलेल्या माणसाशी बोलले होते.

शिपाईबाईनं मला तिथंच बसवून तो पत्ता काढायला लावला, आधी त्याचा फोटो घेऊन. पासवर्ड बदलला. नवीन ठिकाणाहून कोणी मेल उघडली तर मोबाइलवर विचारणा होईल अशी सोय केली. कंपनीला आणि नेहमीच्या दुकानदारांना फोन करून सांगा, ती म्हणाली, मेल करू नका, फोनच करा, तुमच्या नावानं त्यांनाही काही आलं असेल. मी मान हलवत राहिले.

बाहेर आले तर बाबा टोपी हातात घेऊन तसेच बसले होते. "काय मने?" त्यांनी विचारलं.

"काई नाई. बघतो म्हणाल्या."

एवढंच सांगितलं. परतीच्या वाटेवर ते मागे बसले होते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मला ते सांगता आलं नाही. आदल्या दिवशी मी त्यांना जे बोलले होते, ते सगळं आता मलाच लागू होत होतं.

घरी आल्यावर मी फोन करत बसले. कंपनीतल्या माणसानं सांगितलं की त्यांचं खातं बदललेलं नाही, आणि त्यांनी असं काही लिहिलेलं नाही. बियाण्यांच्या दोन दुकानदारांना काही आलेलं नव्हतं. कामरगावच्या गटप्रमुखाला मात्र त्याच सकाळी माझ्या नावानं मेल आली होती, उरलेले पैसे नवीन खात्यात टाका म्हणून. "ताई, मी तुमालेच फोन करणार व्हतो," तो म्हणाला. "मले ते जरा वेगळंच वाटलं. तुमी कधी कृपया लिवत नाई ना."

तो सहज म्हणाला. मी फोन ठेवला आणि बाबांना आजवर पाठवलेल्या माझ्या मेल काढून वाचल्या. "बिल छापा." "हे फाइलला लावा." "दोन प्रती." "कालचं अजून का नाही झालं." वर्षभराच्या मेलमध्ये एकदाही मी त्यांना दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. कामरगावच्या त्या माणसाला 'कृपया' या शब्दानं शंका आली. बाबांना नाही आली.

दोन दिवस बाबा ऑफिसात आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. मोबाइल आईजवळ देऊन ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ते शेडनेटमध्ये आले आणि उभ्यानंच ट्रेमध्ये मिरचीचं बी टाकायला लागले. मी शेजारच्या टेबलावर तेच करत होते. एका खळग्यात एक बी. 

"बाबा," मी म्हणाले, "तुमाले एक सांगाचं हाये."

"सांग."

मी सांगितलं. दिवाळीनंतरची मेल, पासवर्ड, तो अनोळखी पत्ता. पोलिस ठाण्यातच समजलं होतं हेही सांगितलं. त्यांच्याकडे न पाहता सांगितलं. बाबांचे हात थांबले.

"म्हंजे चोर तुह्या मेलमधून आला व्हता," ते म्हणाले.

"हाव."

"आन हे तुले परवाच मालूम पडलं."

"हाव बाबा."

"मंग दोन दिवस कायले दाबून ठेवलं वं?" त्यांचा आवाज चढला नाही, पण भरून आला. "दोन दिवस माह्या घशाखाली घास उतरला नाई. मले वाटे, पोरीनं येवढी मेहनत केली, आन म्या एका सकायीत बुडोलं. तुहं चुकलं त चुकलं, त्याचं काई नाई. पण तू मले एकट्याले काहून ठेवलं?"

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी कोकोपीटनं भरलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मग केसात भुसा गेला म्हणून दुसऱ्या हातानं झटकत बसले.

थोड्या वेळानं मी विचारलं, "बाबा, तुमाले खरंच शंका नाई आली? मी तसं कधी लिवते का?"

ते पुन्हा बी टाकायला लागले होते. "नाई लिवत," ते म्हणाले. "पण मले वाटलं, लांब गेली, तथी तिले माही याद आली असंल."

त्यानंतर मी बाबांसोबत बसून धंद्याची घडी नव्यानं घातली. यावेळी मी नुसतं सांगितलं नाही, विचारलंही. बाबा म्हणाले, मेलवर नाव पाहून काई समजत नाई, त पत्ता कसा पाहाचा ते मले शिकव. मी शिकवलं. नावावर बोट दाबलं की खाली पूर्ण पत्ता दिसतो. ते आता प्रत्येक मेलवर बोट दाबतात आणि एकेक इंग्रजी अक्षर वहीतल्या पत्त्याशी ताडून पाहतात. दुसरी गोष्ट त्यांनीच ठरवली. खातं बदललं असं कोणीही कळवलं, तर त्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय पैसा जाणार नाही. आणि फोन करायचा तो आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. "चोर आपलाच नंबर देईन ना," ते म्हणाले. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पैसे भरायचं काम मी त्यांच्याकडेच दिलं. आता लॅपटॉपवर ते भरतात आणि ओटीपीही तेच टाकतात. मी फक्त शेजारी बसते, आणि तेही त्यांनी बोलावलं तर.

महिन्याभरानं खरोखरच कंपनीची मेल आली, आमची बँक बदलली आहे, पुढचे पैसे या खात्यात भरा. मी पाहिली, पत्ता बरोबर होता. अक्षर न अक्षर. मी म्हणाले, "बाबा, ही खरी वाटते."

"वाटते ना? मंग आवाज आयकू."

त्यांनी वहीतून नंबर काढला आणि फोन लावला. पलीकडच्या माणसाचं हिंदी तमिळ वळणाचं आणि बाबांचं वऱ्हाडी वळणाचं.

"आपने खाता बदला क्या?"

"हां दादा, बदला."

"आपही बोल रहे ना? पिछली खेप में कितने पोते गिल्ले निकले थे, बताओ."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सात बोरी गीला था दादा. हम माफी भी मांगा था."

"हाव, तुमीच हाये," बाबा म्हणाले आणि समाधानानं माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग दहा मिनिटं दोघं बोलत राहिले. त्यांच्याकडे नारळाला पाणी कसं देतात, आमच्याकडे विहिरीला पाणी किती. आता त्या माणसाचा अधूनमधून नुसता बोलायलाही फोन येतो.

पैशांचं सांगायचं तर, त्या संध्याकाळी फोन केला म्हणून चोराच्या खात्यातली काही रक्कम अडवली गेली. बाकीची त्यानं आधीच काढून घेतली होती. अडवलेली रक्कम कोर्टाच्या आदेशानं बऱ्याच महिन्यांनी आमच्या खात्यात आली, निम्म्याहून कमी. उरलेलं गेलं ते गेलं. त्या वर्षी तिसरं शेडनेट उभं करायचं होतं, ते राहिलं. चोर कोण होता ते अजून कळलेलं नाही.

हे प्रकरण गावात कोणाला कळू नये असं मला वाटत होतं. मेलवर धंदा चालवणारी, शिकलेली पोरगी, आणि तिच्याच घरात हे झालं. बाबांनी मात्र मला न विचारता एक गोष्ट केली. गावातले दुकानदार आणि भाजीपाला करणारे काहीजण पाण्याच्या प्रश्नावर जमले होते. बैठक उठायच्या आधी बाबा उभे राहिले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. मेल छापून घेतलेली, इस्त्रीचा सदरा, बँकेतली रांग. कोणी हसलं. बाबा म्हणाले, "हासा, मले बी आता हासू येते. पण घरी जाऊन आपापल्या पोराइले सांगा." माझी चूक त्यांनी सांगितली नाही. ती मी सांगितली, बसल्या जागेवरून. कान तापले होते, पण सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले कृषी केंद्रवाले काका आमच्याकडे आले. वयानं बाबांच्याच बरोबरीचे, नेहमी घाईत असणारे. त्यांना रोपं नको होती. इकडचं तिकडचं बोलले आणि मग खाली पाहत म्हणाले, "भाऊ, माहे बी गेले. दोन वर्षं झाले. कंपनीच्या नावानं मेल आली व्हती, खताच्या गाडीचे पैसे भरा मनून."

"पोलिसाले सांगतलं?" बाबांनी विचारलं.

"कोणालेच नाई सांगतलं. बायकोले बी नाई. तिले वाटते, धंद्यात खोट आली."

बाबांनी मला चहा ठेवायला सांगितला. चहा झाला, कप खाली ठेवले, आणि ते म्हणाले, "वैनीले आज सांगाचं का?"

"कसं सांगू भाऊ? दोन वर्षं झाले."

"मी येतो संगं."

काकांनी वर पाहिलं. बाबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली, गुडघ्यांवर हात टेकवत उठले, आणि मला म्हणाले, "वाशीमच्या त्या पोलिसबाईचा नंबर काढून ठेव. दोन वर्षांचं जुनं असलं तरी घेते का, इचारून ठेव."

मी वही उघडली. दोघं म्हातारे रस्ता ओलांडून काकांच्या घराकडे हळूहळू चालत गेले.